पाठराखीण

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला अजून नीट कळत नाही. चौथीपर्यंत शिकले, तीही इतर मुली लग्न होऊन सासरी जातात त्या वयात. पुढं हातात पेन्सिलीपेक्षा सुईच जास्त राहिली. हे कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.

दौंडमध्ये रेल्वेच्या चाळींच्या पलीकडं मुलींना आसरा देणाऱ्या कमिटीनं भाड्यानं घेतलेलं एक घर आहे. विकायला नेताना पकडलेल्या, फसवून आणलेल्या मुलींना कोर्ट इथं ठेवतं. मीही अशीच आले आणि इथंच राहिले. आता मी मुलींना शिवण शिकवते. गेल्या महिन्यात आलेली एक मुलगी दुपारी माझ्या मशीनजवळ बसते आणि रोज एकच विचारते, "ताई, तुमाला कुनी आनलं हितं?" मला बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच, पण एका माणसापुढंही नाही. मी तिला बॉबिनमध्ये दोरा भरायला दिला. तिला फार वाईट वाटलं असावं. म्हणून बोलण्याऐवजी लिहून पाहते आहे.

आमचं गाव निमोण्याच्या बाजूला. आई मी लहान असतानाच गेली. घरात आबा, थोरला भाऊ, मी आणि माझी धाकटी बहीण. आबा घोड नदीच्या धरणाच्या कामावर माती वाहायला जायचे. मीही कधी कधी त्यांची भाकरी घेऊन जायची.

धरणावर एक बाई कापडाचं गाठोडं घेऊन यायची. तयार परकर, झंपर, लहान मुलांची अंगडी. सगळे तिला मावशी म्हणत. तिचं बोलणं गोड होतं. कुणाच्या घरी कोण उपवर आहे, कोण आजारी आहे, हे सगळं तिला ठाऊक असायचं. तिनं आबांना एक स्थळ सांगितलं. मुंबईला गिरणीत कामाला असलेला मुलगा, माणसं आपल्यातलीच, फक्त लांबची.

आमच्यात तेव्हा देज घेत. म्हणजे नवऱ्या मुलानं मुलीच्या बापाला पैसे द्यायचे, आणि ते पंचांसमोर, मारुतीच्या पारावर बसून द्यायचे. त्यात कुणाला लाज वाटत नसे. मुलीचं देज आलं की त्याच पैशात मुलाचं देज देऊन सून आणायची, असं घरोघर चाले. माझं देज तीनशे रुपये ठरलं. नवरा तिशीचा असेल. टोपी चापून बसवलेला, कुणाशी फारसं न बोलणारा. आबांना तेच आवडलं, कारण आबाही कमी बोलणारे. माझं लग्न झालं तेव्हा मला तेरावं सरत आलं होतं. माझ्या लग्नानंतर आठवड्याभरात त्याच तीनशे रुपयांत भावाचं लग्न ठरलेलं होतं.

आमच्याकडं अजून एक रीत आहे. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एक बाई नाहीतर बहीण जाते. चार दिवस तिथं राहते, घर कसं आहे, माणसं कशी आहेत ते बघते आणि नवरीला घेऊन परत येते. तिला पाठराखीण म्हणतात. माझी पाठराखीण म्हणून धाकटी जाणार होती. ती नऊ वर्षांची होती, तिच्यासाठी नवा परकर शिवला होता. पण निघायच्या दिवशी सकाळी तिच्या अंगावर गोवर उठला. तिला घोंगडीत गुंडाळून आत निजवलं. ती माझा पदर धरून रडत होती, सोडत नव्हती. चुलती म्हणाली, मी जाते. पण मावशीनं तिला अडवलं. मुंबईची खोली लहान, आगगाडीच्या तिकिटाला पैसे पडतात, शिवाय मी आहेच की बरोबर, असं काय काय ती बोलली. मग धाकटीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "बरी झाली की हिला मी सोता येऊन नेईन." तेव्हा ते मायेचं बोलणं वाटलं.

दौंडला आम्ही दुपारी पोचलो. मी तोवर आगगाडी पाहिली नव्हती. नवरा तिकीट काढायला गेला. बायकांच्या वेटिंग रूमच्या बाहेर एक म्हातारी मुसलमान बाई बांगड्यांची टोपली घेऊन बसायची. दौंडमधले सगळे तिला चाची म्हणत, हे मला मागून कळलं. मावशीनं मला तिच्यापुढं बसवलं आणि म्हणाली, हा हिरवा चुडा उतरव आणि हिला रंगीत बांगड्या भर, मुंबईत असलं खेडवळ दिसतं.

तिथंच मावशी चुकली. परकर-झंपराचा धंदा होता तिचा, बांगड्यांचा नव्हता. चाचीनं माझा हात हातात घेतला, आणि बांगड्या काढायच्या सोडून ती माझ्या मनगटावरची हळद बघत बसली. ती हळद अजून ताजी होती. नव्या नवरीचा हिरवा चुडा कुठलाही बांगडीवाला मुद्दाम उतरवत नाही. मग तो हिंदू असो की मुसलमान.

"पोरी, पाठराखीण कुठंय तुजी?" तिनं मला विचारलं.

मी मान खाली घातली. मावशी म्हणाली, मीच. चाची म्हणाली, "तू तर सासरची दिसतीस. पाठराखीण माहेरची असती." मग हसून म्हणाली की मापाच्या बांगड्या टोपलीत नाहीत, घरून आणते, गाडीला अजून वेळ आहे. ती गेली ती सरळ रेल्वेच्या हवालदाराकडं. टोपली तिथंच ठेवून गेली म्हणून मावशीला संशय आला नाही.

नवऱ्यानं लांबूनच हवालदार येताना पाहिला असावा. त्या दिवसानंतर तो मला कधीच दिसला नाही. मावशीला धरलं. तिच्या गाठोड्यात माझ्याच मापाचे दोन भडक झगे निघाले, आणि त्याहून लहान मापाचे दोन. ते दोन कुणासाठी होते हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं तेव्हा मला गोवराचीही माया वाटली.

मला पुण्याला रिमांड होममध्ये नेलं. तिथं डॉक्टरांनी दात बघून वय ठरवलं. मुलांचं कोर्ट म्हणजे एक साधी खोली होती. टेबलाच्या पलीकडं मॅजिस्ट्रेट बाई बसल्या होत्या. सगळे विचारत होते आणि मी गप्प होते. मला वाटत होतं, मीच काहीतरी गुन्हा केला आहे, त्याशिवाय पोलिसांनी कशाला आणलं असतं? पुढं कोर्टानं खटल्याचा निकाल लागेपर्यंत मला दौंडच्या या घरात ठेवायचं ठरवलं.

इथं प्रोबेशन ऑफिसर बाई माझ्याकडं यायला लागल्या. पांढरं पाचवारी पातळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पायांत पुरुषी चपला. इतर लोक एकदा विचारायचे, उत्तर आलं नाही की मोठ्यानं विचारायचे. बाई एकदा विचारायच्या आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडत बसायच्या. तांदूळ निवडून झाले तरी उत्तर आलं नाही, तर पिशवी उचलून म्हणायच्या, "येते, गुरुवारी." आणि गुरुवारी खरोखर यायच्या. असं बरेच दिवस चाललं. मग एका गुरुवारी मी त्यांना धाकटीबद्दल सांगितलं. ती बरी झाली का, एवढंच विचारलं. बाई आमच्या गावाला जाऊन आल्या. धाकटी बरी होती. पण बाईंचा चेहरा मला बरा दिसला नाही.

दोनच दिवसांनी आबा दौंडला आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्याकडं बघेनात. बाईंनाही निरोप गेला होता, त्या आल्या. मग आबांनी हळूहळू सांगितलं.

मावशी जामिनावर सुटली होती आणि सुटल्या सुटल्या गावात आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आबांनी कोर्टात सांगावं की पोर सोळा वर्षांची आहे, राजीखुशीनं लग्न लावून दिली आहे. मग कोर्ट मला नवऱ्याच्या हवाली करील. तसं सांगायचं नसेल तर देज परत टाकावं. देज परत देता येत नसेल, तर थोरलीच्या जागी धाकटी द्यावी. अशी रीत आहे, नांदायला गेली नाही तर बदली बहीण देतात. तीनशे रुपये तर वहिनीच्या बापाकडं गेले होते. आबांकडं तीन रुपयेही नव्हते.

बाई म्हणाल्या, "आबा, तुम्ही त्या बाईला एक नवा पैसासुद्धा देणं लागत नाही. ते लग्न नव्हतंच. तुमची मुलगी विकायला नेत होते."

"व्हय बाई. तुमचा कायदा खरा हाय," आबा म्हणाले. "पर पैसं म्या पंचांत घेतलं. पंचांत घेतलेलं पंचांत ठेवल्याबिगर माझा शब्द सुटत न्हाई."

"म्हणून धाकटी द्याल?"

आबा टोपीची घडी घालत राहिले. आबा लबाड नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. लबाड माणसानं मावशीला परतवून लावलं असतं. आबा तिला पैसे दिल्याशिवाय राहणार नव्हते, आणि पैसे नव्हते.

मला आत शिवणाच्या वर्गातून मशीनचा आवाज येत होता. मी उभी राहिले. माझ्या तोंडून निघालं, "मला पंचांपुढं न्या."

बाईंनी विचारलं, "तू बोलशील तिथं?"

"न्हाई. पर येते."

बाईंनी कोर्टाची परवानगी काढली. आम्ही एस.टी.नं शिरूरला गेलो आणि तिथून गावाकडं बैलगाडी मिळाली. बाईंना रस्त्यातल्या खड्ड्यांनी गाडी लागली. त्या खाली उतरून चालायला लागल्या आणि म्हणाल्या की कोर्टात असला खड्डा असता तर बरेच खटले लवकर निकाली निघाले असते. मी पहिल्यांदा हसले.

घरी वहिनीनं भाकरी वाढली. ती माझ्यानंतर त्या घरात आली होती, मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझ्याएवढीच होती, फार तर तीन वर्षांनी मोठी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "वन्सं, मी तुमच्या पैशानं आलीया ह्या घरात. ठाव हाय मला." मी तिच्या हातची भाकरी खाल्ली, एवढंच. धाकटी माझ्या मांडीला चिकटून बसली होती. तिनं पाठराखणीचा तो नवा परकर घातला होता, आता तो तिला आखूड झाला होता.

पारावर पंच जमले. पंचांत मुख्य एक म्हातारे होते, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणे. बायका शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाईंसाठी शाळेतली खुर्ची आणली होती. मला पाराखाली जमिनीवर बसवलं. पंचांपुढं बाई बसली की तिच्या मागं तिच्या घरातली एखादी मोठी बाई बसायची रीत होती. चुलती बसणार होती, पण पोलिसांचं प्रकरण म्हणून आयत्या वेळी मागं सरली.

"पोरीच्या मागं कोन बसलंय?" आप्पांनी विचारलं.

कुणी हललं नाही. मग बाई खुर्चीवरून उठल्या, माझ्या मागं येऊन मातीत मांडी घालून बसल्या. "मी बसते," त्या म्हणाल्या. "मी हिची पाठराखीण."

पारावरचा एकजण म्हणाला, "आता सरकारच पाठराखीण झालं. उद्या कलेक्टर करवला व्हईल." सगळे हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, "बोलावून बघा, येतील."

मावशी पुढं बसली होती, शेजारी एक माणूस आणला होता, तो नवऱ्याचा चुलतभाऊ आहे म्हणाली. तिनं फार गोड बोलून सगळं मांडलं. मी काय परकी आहे का, तुमच्याच लेकीबाळींची लग्नं जमवते, त्या बिचाऱ्या माणसाचा संसार बसला नाही आणि पैसाही अडकला. एक तर देज टाका, नाहीतर धाकटी द्या, आणि कोर्टात काय सांगायचं ते तुम्ही जाणताच. बोलताना ती धाकटीकडं बघून हसली. धाकटी भिंतीकडं पळाली, वहिनीच्या पदरामागं.

आप्पांनी आबांना विचारलं. आबांची मान खाली. मग भिंतीकडून आवाज आला.

"आप्पा, म्या बोलू का?"

वहिनी होती. भाऊ पारावरून तिच्याकडं डोळे वटारून बघत होता. तिनं पदर कपाळावर ओढला, धाकटीचा हात सोडला नाही. "माझं देज माझ्या नवऱ्यानं सोताच्या हातानं माझ्या बापाच्या पदरात टाकलं. उद्या मागायचं झालं तर त्येलाच यावं लागंल. मग वन्संचा नवरा कुठंय? मावशी कशापायी आलीया? मावशीनं लगीन लावलंतं का वन्संसंगं?"

बायकांत हसू पिकलं. पारावरचे हसले नाहीत. आप्पांनी मात्र मान हलवली. "सून बोलती ती रीत हाय," ते म्हणाले. "देज देतो नवरा, परत घेतो नवरा, काडी मोडतो बी नवराच. चुलतभाऊ चालत न्हाई. नवऱ्याला आना."

"त्येला गिरनीतनं रजा न्हाई," मावशी म्हणाली.

माझ्या मागून बाई बोलल्या, अगदी हळू, तांदूळ निवडताना बोलायच्या तशा. "कुठल्या गिरणीत आहेत ते? पत्ता द्या. मी रजा मिळवून देते."

तो चुलतभाऊ उठून पाणी प्यायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. मावशीनं पदर सावरला, पुन्हा सावरला, आणि ऊन फार आहे असं काहीतरी बोलून उठली. तिला जायला कुणी वाट करून दिली नाही, तीच अंग चोरून गेली.

काडीमोड म्हणजे नवराबायकोचा संबंध तुटल्याची खूण. पंचांसमोर एक वाळकी काडी मोडायची. आप्पांनी कुडाची तुराटी काढून आणायला लावली आणि नवरा नव्हता म्हणून आपल्याच हातानं मोडली. एक तुकडा इकडं टाकला, एक तिकडं. "नवरा आला तर जोडून दीन म्हनावं," ते म्हणाले.

आबांनी डोळे पुसले. पण आप्पांचं बोलणं संपलं नव्हतं. काडी मोडली खरी, पण पंचांत घेतलेलं देज पंचांत ठेवावंच लागेल, म्हणजे उद्या कुणी उठून बोट दाखवायला नको. ज्याचं असेल तो येऊन नेईल, तोवर पंचांकडं राहील. पैसे फिटेपर्यंत धाकटीकडं कुणी डोळा वर करून बघायचं नाही, पण फिटल्याशिवाय तिचं लग्नही व्हायचं नाही. हे ठरलं. मग हमी कोण घेतं, असं आप्पांनी विचारलं. आबा उठायला लागले.

मी म्हणाले, "मी फेडीन."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पारावर कुणीतरी विचारलं, "कशानं गं फेडशील?"

"शिवून," मी म्हणाले. त्यापुढं मला एक शब्द आला नाही, आणि लागलाही नाही.

परत येताना एस.टी.त बाई माझ्यावर रागावल्या होत्या. तुझ्यावर कसलंही देणं नाही, हे मी तुला पुन्हा सांगते, असं त्या म्हणाल्या. ज्यांनी तुला विकत घेतलं त्यांचा पैसा तू का भरायचा? मी म्हणाले, ठाव हाय बाई. मला त्यांच्यासारखं बोलता आलं नाही. मला एवढंच वाटत होतं की तीनशे रुपये कुणाच्या तरी नावावर पडून राहिले, तर कधी ना कधी कुणीतरी धाकटीला घेऊन जायला येईल आणि म्हणेल, ही त्या पैशातली आहे. मला तसं म्हणायला कुणाला जागाच ठेवायची नव्हती. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "ठीक. पण आधी चौथी. मग मशीन."

स्टेशनजवळ उतरल्यावर मी चाचीकडं गेले. चुड्यातल्या चारपाच बांगड्याच उरल्या होत्या. आप्पांनी काडी मोडली हे मी तिला सांगितलं. मग तिनं त्या एक एक करून, न फोडता उतरवल्या आणि साध्या काचेच्या दोन दोन भरल्या. हात रिकामा ठेवायचा नाही म्हणाली. पैसे घेतले नाहीत.

आबांनी कोर्टात खरं सांगितलं. त्यांना भीती होती की पैसे घेतले म्हटलं तर आपल्यालाच आत टाकतील. तरी सांगितलं. "पैसं घेतलं साहेब, लगीन समजून घेतलं. पोर तेरा वर्साची हाय. मला काय शिक्षा असंल ती द्या." न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. मावशीला शिक्षा झाली. नवरा सापडला नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, एकासारखी एक गेली. मी चौथी पास झाले. चौथीच्या पेपरात चुकले कमी, पण खाडाखोड फार. मग मशीनवर बसले. रेल्वेच्या चाळींतून कपडे यायचे. पायजमे, फ्रॉक, उशांचे अभ्रे, कुणा ड्रायव्हरचा फाटलेला डगला. सुरुवातीला माझी शिवण वाकडी जायची आणि ड्रायव्हरच्या बायका ती उसवून परत पाठवायच्या. पुन्हा शिवायची. बाईंची बदली नगरला झाली, तरी त्या गुरुवारी नाही पण महिन्यातून एकदा येत राहिल्या. मावशीसारख्यांना पकडलं की त्यांच्याकडच्या मुली इथं यायच्या. कुणी महिनाभर राहायच्या, कुणी वर्षभर. कुणाचे बाप न्यायला यायचे, कुणाचे येत नसत. मी त्यांना टाके शिकवायची आणि बोलायची नाही.

वर्षातून दोनदा, यात्रेला आणि दिवाळीला, मी गावी जाऊन पारावर पैसे ठेवायची. आबा धरणाच्या मजुरीतून काढायचे ते त्यातच घालायचे. एका वर्षी वहिनीनं शेळी विकली आणि मला न सांगता आप्पांच्या हातावर पैसे ठेवून आली. माझे किती, आबांचे किती, वहिनीचे किती, ते आम्ही कधी वेगळं काढलं नाही. पंच ते पैसे पेटीत ठेवायचे. मग पेटीला वाळवी लागली तेव्हा त्यांनी ठरवलं की नवरा काही येत नाही, या पैशाची लग्नकार्याला मोठी भांडी घ्यायची, म्हणजे कुणाला शिरूरहून भाड्यानं आणायला नकोत. आता गावातल्या लग्नांत त्या पातेल्यांत भात शिजतो. पहिल्यांदा मला त्या भाताचा घास गिळवेना. आता मी पोटभर खाते.

धाकटीला लग्नासाठी कुणी घाई करू शकत नव्हतं, कारण पैसे फिटले नव्हते. त्यामुळं झालं असं की ती शाळेत जात राहिली. तिच्या वर्गातल्या मुली एक एक करून सासरी गेल्या आणि ती सातवी पास झाली. कुणी टोचून बोललं की, अजून घरात ठेवलीय का गं हिला, तर वहिनी म्हणायची, "पंचांनी ठेवलीया. जाऊन पंचांना इचारा."

शेवटचे पैसे मी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवले. उन्हं कलली होती. आप्पांना तोवर डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. त्यांचा नातू त्यांना हाताला धरून पारावर घेऊन आला. आबा त्यांच्या शेजारी बसले. वयानं त्यांची आता मान हलायची. मी जुन्या जागी, पाराखाली बसले. बाईंना मी कळवलं होतं, पण त्यांना यायला जमलं नव्हतं.

आप्पांनी विचारलं, "पोरीच्या मागं कोन बसलंय?"

मी बोलायच्या आत मागून आवाज आला, "मी हाय, आप्पा." धाकटी होती. शाळेच्या भिंतीकडून कधी आली आणि माझ्या मागं बसली, मला कळलं नाही. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

मी पैसे पारावर ठेवले. आप्पांनी ते बोटांनी चाचपून बघितले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ह्या देजापायी कुनाचं काय राहिलंय का?"

कुणी बोललं नाही. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि या वेळी माझ्याकडं बघितलं.

"फिटलं," आप्पा म्हणाले, आणि तीनशे रुपये पुरे झाले.